ते इंजिन मी घासलं होतं, गौतम

परवा विहारात तुझ्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. वंदना झाली, मेणबत्त्या लागल्या, मग एकेक जण उठून तुझ्याबद्दल बोलला. आयटीआयमधले तुझे जुने सहकारी बोलले, गल्लीतले बोलले. शेवटी कुणीतरी म्हणालं, "शेठ, तुम्ही बोला. तुमच्याइतकं त्यांना कोण वळखतं?" मी उठलो. पांढरा सदरा नवाच घेतला होता, त्याची कॉलर मानेला टोचत होती. चार मिनिटं बोललो. तू किती मनमिळाऊ होतास, हाताला किती कसब होतं, विद्यार्थ्यांवर किती माया होती. लोकांनी माना डोलावल्या. मी खाली बसलो, आणि बसता बसता ध्यानात आलं की जे सांगायला उठलो होतो ते सोडून बाकी सगळं सांगून झालं होतं.

आणि मनमिळाऊ तू कधी होतास रे? पन्नास वर्षांत माझं एक म्हणणं तू पहिल्या झटक्यात मान्य केलं नाहीस. मी पूर्व म्हटलं की तू आधी पश्चिम बघून यायचास. तुझ्या वर्गात टर्निंग शिकलेली पोरं आज जालन्याच्या निम्म्या कारखान्यांत आहेत, ती तुझ्या मायेनं नाही, तुझ्या तिरकसपणानं शिकली. हे मी विहारात बोलायला हवं होतं. निदान लोक हसले तरी असते, आणि तुलाही ते जास्त आवडलं असतं.

आज शनिवार. चार वाजून गेलेत. दुकानात मी एकटा आहे. पोरगा संभाजीनगरला नोकरीत रमलाय, त्याला भांड्यांचा धंदा नको. गिऱ्हाईक सकाळी एक आलं, कुकरची शिटी घेऊन गेलं. चहावाल्याला आता एकच चहा सांगतो. पहिले दोन दिवस सवयीनं त्यानं दोन आणले, मी दोन्ही प्यालो. तुझं स्टूल मी आत नेऊन ठेवलं होतं. मग गल्ल्याजवळची ती जागा फारच मोकळी दिसायला लागली, म्हणून परत बाहेर आणून त्यावर डबे रचले. तेही बरं दिसत नाही. माणूस गेल्यावर दुकानात इतकी शांतता होते हे मला माझी बायको गेली तेव्हा कळलं नव्हतं, कारण तेव्हा तू होतास.

प्रज्ञानं मला एक काम दिलंय. तुझीच मुलगी, काम सांगताना तुझ्यासारखी नजर रोखते. वहिनींना ती आता नाशिकला नेणार आहे. घरामागची पत्र्याची शेड रिकामी करायची, लेथ कुणाला तरी द्यायचा, आणि तू घडवलेल्या त्या छोट्या पितळी इंजिनाचं काय करायचं ते ठरवायचं. अशी इंजिनं जमवणाऱ्या पुण्याच्या त्या साहेबांचा पुन्हा फोन आला होता म्हणे. "काका," ती म्हणाली, "पप्पा नेहमी म्हणायचे, पितळेचा भाव शेठला विचारा. तुम्ही सांगाल तो भाव. रविवारी येऊन बघून जा." मी हो म्हणालो.

तिला ठाऊक नाही की त्या इंजिनाचा भाव दोन वर्षांपूर्वी मीच पाडला. माझ्या या हातांनी. आणि परक्या माणसासमोर तू तो दोष स्वतःच्या अंगावर घेतलास, मी शेजारी उभा राहून गप्प बसलो. ही गोष्ट फक्त आपल्या दोघांना माहीत होती. आता एकट्या मला माहीत आहे. उद्या भाव सांगायच्या आधी ती मला वहिनींना सांगायची आहे, आणि सांगता येईल की नाही याचा भरवसा नाही. म्हणून आधी तुला लिहून बघतोय.

इंजिनांवरून आपलं भांडण तसं आठवीपासूनचं. तुझे वडील जालना स्टेशनात इंजिनांना पाणी भरायच्या कामावर होते. शाळा सुटली की आपण तिकडे जायचो. तेव्हा लहान रुळांवरची वाफेची गाडी होती. काळंभोर इंजिन येऊन उभं राहिलं की तू वाकून चाकांचे दांडे बघायचास, कोणता कशाला जोडलाय, कोण कुणाला ओढतो. मी बघायचो अंगावरचं पितळ. शिटी, नळ्या, पट्ट्या. मी तुला विचारलं होतं, "ह्याच्यावर किती किलो पितळ असंल?" तू माझ्याकडे असं बघितलंस की मी काहीतरी घाण बोललो. पण मी भांड्याच्या दुकानदाराचा पोरगा. आमच्याकडे पितळेची ओळख तराजूपासून सुरू व्हायची. वजन किती, मोडीचा भाव काय, घडणावळ किती. काम कसं केलंय, हा चौथा प्रश्न आम्हाला कुणी शिकवलाच नव्हता.

तो चौथा प्रश्न तू मला शिकवलास, तोही माझी फजिती करून. तू शेडमध्ये लेथ बसवून इंजिन करायला घेतलंस तेव्हाची गोष्ट. मी म्हटलं, एवढे कष्ट कशाला, तयार मिळतं की. आणि मुरादाबादच्या मालाबरोबर एक पितळी इंजिन मागवलं. तीन किलो वजन, अठ्ठावीसशे रुपये, सोन्यासारखं लखलखीत. काउंटरवर ठेवलं आणि तुझी वाट बघत बसलो. तू आलास, लांबून बघितलंस, हात लावला नाहीस. म्हणालास, "खालून दाखव."

"खालून कोण बघतं?"

"मी बघतो. दाखव."

पालथं केलं तर चाकं फिरतच नव्हती, ओतलेलीच होती. कडेला रेतीचे खडे तसेच. तू स्क्रूड्रायव्हरनं पोटावरची पत्री उचकटलीस आणि आतून भुगा सांडला. प्लास्टर. वजन यावं म्हणून पोटात प्लास्टर भरलं होतं. तीन पिढ्यांचा पितळवाला मी, आणि प्लास्टर किलोनं विकत घेऊन बसलो होतो. तू महिनाभर हसत होतास. गिऱ्हाइकांना सांगायचास, "शेठकडचं सामान वजनदार हे, फक्त घरी गेल्यावर फोडून बघा." दोन गिऱ्हाइकं खरंच परत गेली, मेल्या.

तो राग मी मनात ठेवला. मग मुंबईला एका जुन्या शौकीन माणसाचा संग्रह विकायला निघाल्याचं तुझ्याच फोनवर दिसलं, आणि तुला न सांगता मी त्यातलं एक कोरियन बनावटीचं पितळी इंजिन उचललं. एक लाख पंधरा हजार. वजन नऊशे ग्रॅम. माझी बायको पंधरा दिवस माझ्याशी बोलली नाही, आणि तिचं चूक होतं असं मला आजही म्हणता येत नाही. नऊशे ग्रॅम पितळेला लाखाच्या वर मोजणारा मी आमच्या घराण्यातला पहिलाच.

पण तू ते हातात घेतलंस तेव्हा तुझा चेहरा मी बघितलाय. अर्धा तास तळहातावर घेऊन भिंगातून एकेक बाजू बघितलीस. मग मला जवळ बोलावलंस आणि शिकवायला लागलास, वर्गात शिकवायचास तसं. ही रिव्हेटची ओळ बघ, मोहरीच्या दाण्याहून बारीक, आणि एकसुद्धा वर-खाली नाही. हा सांधा बघ, नख फिरव, नख अडकतं का? नाही अडकत. म्हणजे डाख आतून दिलाय आणि बाहेरचा घासून काढलाय. चाकाचे आरे बघ, ओतीव असून किती पातळ. आता कानाला लाव आणि चाक फिरव. मी फिरवलं. काही ऐकू आलं नाही. "तेच," तू म्हणालास. "ऐकू आलं न्हाई, त्याचे पैसे घेतलेत त्यानं."

त्या रात्री मी सुखानं झोपलो. सकाळी दुकान उघडायच्या आधी तू पायरीवर हजर. "शेठ, रात्रभर विचार करून राह्यलो. भट्टीचं दार उघडत न्हाई त्याचं. दिसायला दार हे, पण आत काई न्हाई. कोळसा कुठं टाकायचा?" मी म्हटलं, "अरे शोभेचं इंजिन ते, त्यात कोळसा कोण टाकतो?" तू म्हणालास, "माझ्या इंजिनात टाकता येईल."

तिथून आपलं चार वाजताचं काम ठरून गेलं. काउंटरवर डावीकडे मुरादाबादी, मधे कोरियन, उजवीकडे तुझं जितकं झालंय तितकं. दर महिन्या-दोन महिन्यांनी तू एक भाग करून आणायचास आणि आपण भाव लावायचो. मी कोरियनला नव्वद मार्क द्यायचो आणि तुझ्याला सत्तर, मुद्दाम, तू चिडावंस म्हणून. तू चिडायचा नाहीस. तू स्वतःला साठच द्यायचास. म्हणायचास, "बॉयलरवर चौथ्या इंचाला रिव्हेटची ओळ वाकली. तुला दिसत न्हाई, मला दिसती." मुरादाबादीला तू पासापुरते पस्तीस द्यायचास, प्लास्टरसकट. एकेका रिव्हेटसाठी भोक पाडून वेगळी पिन बसवायचास, कोरियनवाल्यासारखा मागून ठसा मारायचा नाहीस. मी म्हणायचो, दिसायला दोन्ही सारखं, मग वेळ कामून घालवतो? तू म्हणायचास, खऱ्या इंजिनाला पिना असतात. भाव लागलेल्या वेळेवर लावायचा की दिसण्यावर, हे आपलं कधीच मिटलं नाही. मी अजूनही म्हणतो की घेणाऱ्याला वेळ दिसत नाही. तू समोर असतास तर आत्ता लगेच भांडलो असतो.

आणि शेवटी दर वेळी मी तुझं इंजिन तराजूत टाकायचो. "दोन किलो दोनशे. मोडीत हजार रुपये बराबर." तू हसायचास. वजन वाढत गेलं, पण नऊ वर्षं मी तोच विनोद केला आणि नऊ वर्षं तू हसलास. आता वाटतं, एखाद्या वेळी तरी नसशील हसलास, मी बघितलं नसेल.

इंजिन पुरं होत आलं तेव्हा तू ते दुकानात आणणं बंद केलंस. "झालं की दाखवतो" एवढंच म्हणायचास. आठ महिने मी ते बघितलं नव्हतं. शेवटचं बघितलं तेव्हा ते नुसतं पिवळं होतं. तू फोटो पाठवून पुण्याच्या साहेबांशी परस्पर बोलणी केलीस. एक लाख साठ हजार म्हणाले ते. तुला पैशांची तितकी निकड नव्हती, मला माहीत आहे. तुला कुणीतरी जाणकारानं कोरियनच्या शेजारी तुझं इंजिन ठेवून बघावं असं वाटत होतं. म्हणूनच भेट माझ्या दुकानात ठरवलीस. आदल्या दिवशी संध्याकाळी येऊन धोतराच्या फडक्यात गुंडाळलेलं इंजिन माझ्या हातात दिलंस. "उद्या दहाला येतेत ते. मी साडेनऊला येतो. जपून ठेव." तुला अंबडला लग्नाला जायचं होतं, गाडीची वेळ झाली होती, फडकं सोडायलाही थांबला नाहीस.

सकाळी सहाला मी दुकान उघडलं आणि फडकं सोडलं. इंजिन काळं होतं. चिमणीपासून चाकापर्यंत काळं, हाताला जरा तेलकट. मला वाटलं, आठ महिने पत्र्याच्या शेडमध्ये धुरात, तेलात पडून त्याची ही गत झाली. समईला वर्षभर तेलाचा थर बसतो तसं. गौतमचं लक्ष नाही राहिलं. आणि दहाला पुण्याचा माणूस येणार, त्याच्यासमोर माझ्या दोस्ताचं काम असं मळकं जाणार? माझ्या दुकानातून मळकं पितळ आजवर बाहेर गेलेलं नाही. तुला फोन करावा असं एकदा मनात आलं. म्हटलं, नको, आल्यावर चकित होऊ दे.

मग मी भांडेवाल्याला जे येतं ते केलं. गरम पाण्यात सोडा टाकून इंजिन बुडवलं. काळा थर सुटायला लागला तसा मला हुरूप आला. मग चिंच. मग राख आणि काथ्या. तीन तास घासत होतो. चाकांच्या मागे बोट जाईना तिथे दातणाची काडी घातली. माझे गुडघे दुखतात हे तुला माहीत आहे, मी उकिडवा बसून घासलं. सव्वानऊला ते काउंटरवर ठेवलं आणि मला रडू यायचं बाकी राहिलं होतं, इतकं चमकत होतं.

तू आलास. दारात एक पाय आत, एक पाय बाहेर असा उभा राहिलास. मी म्हटलं, "कसं दिसतंय?"

तू बराच वेळ बघत होतास. मग म्हणालास, "चमकलं."

साहेब आले तेव्हा मी अजूनही खुशीत होतो. त्यांनी भिंग काढलं, खाली वाकले, आणि भिंग परत खिशात ठेवलं. "फोटोत हे काळं होतं," ते म्हणाले. "जवसाच्या तेलाचे हात देऊन, मंद तापवून, असे चाळीसेक थर दिलेत असं तुम्हीच सांगितलं होतं ना?"

मला ते पहिल्यांदा कळत होतं. चाळीस थर. आठ महिने. तू त्याला स्टेशनातल्या इंजिनाचा रंग आणला होतास.

"दिले होते," तू म्हणालास.

"मग हे कुणी केलं? काथ्यानं घासलंय हे. रिव्हेटची डोकी झिजलीत."

मी तोंड उघडलं होतं, गौतम. शपथेवर सांगतो, उघडलं होतं. पण माझ्या आधी तू बोललास. "मीच केलं. वाटलं, चमकल तर बरं दिसल."

साहेबांनी तुझ्याकडे बघितलं. "इतकं काम येणारा माणूस असं करील असं वाटलं नव्हतं," ते म्हणाले. आणि चाळीस हजार देतो म्हणाले. तू फडकं पसरलंस, इंजिन गुंडाळलंस, म्हणालास, "द्यायचं न्हाई." ते गेले. मी तसाच उभा. तू स्टुलावर बसलास आणि म्हणालास, "चहा सांग." त्या विषयावर तू बोललास ते एवढंच.

दोष घेतलास म्हणून मला झोप येत नाही असं नाही. झोप न यायचं कारण दुसरं आहे, आणि ते मी आजवर स्वतःशीही नीट बोललेलो नाही.

आठवीतच होतो आपण. तू वही न्यायला आमच्या घरी आला होतास. तहान लागली म्हणालास. मी पितळेच्या लोट्यातून पाणी दिलं, तू वरून प्यालास, लोटा ओट्यावर ठेवलास आणि गेलास. माझी आत्या मागच्या दारी गेली आणि चिंच, राख घेऊन तो लोटा घासायला बसली. घासून झाल्यावर चुलीतल्या निखाऱ्यांवर पालथा घातला. तुझ्या हाताचा विटाळ निघावा म्हणून. तू वही विसरला होतास, म्हणून परत आला होतास आणि मागच्या दारातून आला होतास. तू ते सगळं बघितलंस. मी तुला बघताना बघितलं. तू वही घेतलीस आणि गेलास. दुसऱ्या दिवशी शाळेत माझ्याच बाकावर येऊन बसलास. तू बोलला नाहीस, मीही बोललो नाही. पोरवय होतं असं म्हणून मी ते मिटवलं होतं.

त्या सकाळी माझ्या हातात तेच होतं. चिंच, राख, काथ्या. आणि पुढ्यात तुझ्या हातची वस्तू. घासताना माझ्या मनाला त्याचा वाराही शिवला नाही. तू दारात उभा राहिलास तेव्हाही नाही. साहेब गेल्यावर मी बादलीतलं काळं पाणी गटारात ओतायला गेलो, तिथे चिंचेचा चोथा बघितला आणि मला आत्या आठवली. मागे वळून बघितलं तर तू चहा पीत होतास.

तुला आठवली का रे ती? दारात उभा होतास तेव्हा? मी तुझं इंजिन प्रेमानं घासलं. पण तुझ्या जागी उभं राहून बघितलं तर एक भांडेवाला, गौतमनं हात लावलेलं पितळ चिंचेनं घासून काढतोय, एवढंच दिसतं. तुला नेमकं काय दिसलं ते मला विचारायचं होतं. रोज ठरवायचो. चार वाजता तू यायचास आणि मी पेपरातली काहीतरी बातमी काढायचो.

वरचं सगळं शनिवारी लिहिलं. आज सोमवार आहे. काल मी तुझ्या घरी गेलो होतो.

शेड अर्धी रिकामी झालीय. इंजिन टेबलावर होतं, तुझ्या फोटोपासून जरा बाजूला. तू पुन्हा काळं करायला घेतलंयस हे मला माहीत होतं, पण कुठवर आलं ते तू कधी सांगितलं नव्हतंस. मी ते पालथं केलं. खालची बाजू सगळी पुरी झालेली. चाकं, दांडे झालेले. बॉयलर एका बाजूनं काळा आणि दुसऱ्या बाजूनं मी घासलेला तसाच पिवळा. रिव्हेटच्या झिजलेल्या डोक्यांतली निम्मी तू नव्यानं बसवली होतीस. निम्मी राहिली.

प्रज्ञा फोन हातात धरून बसली होती. "सांगा काका, काय भाव सांगू त्यांना?"

मी म्हटलं, "भाव एक लाख साठ हजारांचा होता, बाळा. तो मी पाडला." आणि सगळं सांगितलं. सोडा, चिंच, राख, साहेब काय बोलले, तू काय बोललास, मी कसा गप्प बसलो. चार मिनिटंही लागली नाहीत. प्रज्ञा आधी माझ्याकडे आणि मग आईकडे बघायला लागली. मग तिनं फोन पालथा ठेवला आणि म्हणाली, "आई, हे आपल्याला विकायचं नाही."

वहिनी पाय दुमडून खाली बसल्या होत्या, तुझे जुने पाने एका गोणीत भरत होत्या. त्यांनी हातातला पाना खाली ठेवला.

"मला माहीत हे," त्या म्हणाल्या. "त्याच सांजच्याला कळलं. घरी आले, इंजिन ठिवलं, म्हणले, शेठनं घासलं. मी म्हणलं, मंग त्या साहेबाला तसं सांगायचं व्हतं. तर म्हणले, त्याला बाजारात बसायचं हे. पितळेच्या माणसाला पितळ कळलं न्हाई असं झालं असतं." मग म्हणाल्या, "मी म्हणलं, आन् तुमच्या हाताला नाव ठिवून गेला त्याचं काय? तर उठले आन् शेडात जाऊन बसले."

मला बसवेना. मी विचारलं, "वहिनी, त्याला आमच्या घरचा तो लोटा..."

"लोट्याचं मला लग्नाच्या साली सांगितल्तं त्यांनी," वहिनी म्हणाल्या. "त्या दिवशी त्यांना आठवला का न्हाई, मला न्हाई माहीत. त्यांनी विषय काढला न्हाई." त्यांनी पाना उचलून गोणीत टाकला. "मला आठवला."

मी हात जोडले. म्हटलं, "मला माफ करा."

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. आवाज जराही न चढवता म्हणाल्या, "मला कामून मागता, भाऊजी? ज्यांच्याजवळ मागायची ते दोन वर्षं रोज तुमच्या म्होरं येऊन बसत व्हते की."

बसत होतास, गौतम. रोज चारला यायचास, आणि चहा संपून कप घेऊन पोऱ्या गेला तरी बराच वेळ उठायचा नाहीस.